पोतोसीचा टंच

आमच्या घरी चांदी मोडीच्या रूपाने येत असे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत चांदीकाम हा घराघरांतला धंदा, आणि माझे आजोबा, ज्यांना सारा गाव आप्पा म्हणे, जन्मभर त्याच धंद्यात राहिले. तुटलेले पैंजण, लहान मुलांचे वाळे, कुणाच्या तरी आजीचा करगोटा, घासून घासून पातळ झालेले निरांजन असा माल समोर आला, की आप्पा त्यातली एखादी वस्तू उचलून उजव्या तळहातावर ठेवीत, हात किंचित खालीवर करून ती जोखीत आणि काही न बोलता बाजूला ठेवीत. मग मूस तापे, टाकणखाराची चिमूट पडे आणि बघता बघता वाळा, पैंजण, निरांजन यांचे वेगळेपण संपून एकच लखलखीत रस उरे. त्याची लगड ओतली की टंच काढायचा, म्हणजे तीत शुद्ध चांदी शेकडा किती हे पाहायचे, आणि भाव त्यावर ठरवायचा. आठ-नऊ वर्षांचा असताना मी त्यांना विचारले होते, "आप्पा, ही चांदी मुळात कुठली?" ते म्हणाले, "बाळा, चांदीला गाव नसतं. टंच असतो."

धंद्याच्या हिशेबाने त्यांचे म्हणणे बरोबरच होते. पण प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. पुढे चलनाच्या इतिहासाविषयी वाचू लागलो तेव्हा कळले की, सोळाव्या-सतराव्या शतकांत भारतात जी चांदी आली तिचा फार मोठा भाग अमेरिका खंडातून निघालेला होता, आणि त्या चांदीचा माग काढत गेले की वाट पुन्हा पुन्हा एकाच डोंगराशी जाऊन थांबते. तो डोंगर आजच्या बोलिव्हियात आहे आणि त्याच्या पायथ्याच्या शहराचे नाव पोतोसी. मराठी माणसाच्या तोंडी दक्षिण अमेरिका रोजच असते, हेही मला त्याच सुमारास उमगले. आपण फळाला पेरू म्हणतो, कंदाला बटाटा म्हणतो, काजू आणि अननस म्हणतो, आणि हे सारे शब्द पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागले. पोतोसी वसले तेव्हा तो सगळा मुलूख पेरू या नावानेच ओळखला जाई.

मी तिथे सुक्रेहून बसने गेलो. वसाहतकाळात सुक्रेचे नाव ला प्लाता होते, म्हणजे सरळ 'चांदी'. डोंगर सापडण्याआधीपासून ते शहर होते आणि पोतोसीचे धनिक थंडीला कंटाळून तिथे घरे बांधून राहत. दोन्ही शहरांत अंतर दीडशे-एकशेसाठ किलोमीटरचे, पण उंचीतला फरक हजार मीटरहून जास्त. पोतोसी ४,००० मीटरच्या वर आहे, म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक ठेवाव्यात एवढ्या उंचीवर. बसमधून उतरून बॅग उचलताच मला धाप लागली, आणि रात्रभर कपाळात ठणका मारत राहिला. कोकाच्या पानांचा गरम काढा घेत मी खिडकीशी बसलो होतो. समोर डोंगर होता. मुलांनी चित्रात काढावा तसा शंकूच्या आकाराचा, लालसर, झाडाझुडपाचे नाव नसलेला, आणि अंगभर उपसलेल्या मातीच्या ओघळांनी माखलेला. स्पॅनिशमध्ये त्याला सेरो रिको म्हणतात, श्रीमंत डोंगर. केचुआ भाषेतले त्याचे जुने नाव सुमाक उर्कू, सुंदर डोंगर. एकच डोंगर पाहून दोन भाषांनी ही दोन नावे ठेवली, यावर मी त्या रात्री बराच वेळ विचार करीत होतो.

चांदी सापडली ती १५४५ साली. दिएगो वाल्पा नावाच्या स्थानिक माणसाला ती सापडली असे सांगतात, पण कशी, याच्या निरनिराळ्या कथा आहेत. कुणी म्हणते तो हरवलेला लामा, म्हणजे तिथले ओझी वाहणारे जनावर, शोधत वर गेला आणि थंडीसाठी पेटवलेल्या शेकोटीखाली सकाळी चांदीचा ओघळ दिसला, तर कुणी म्हणते वाऱ्याने तोल जाताना त्याने झुडूप धरले, ते मुळासकट उपटले आणि मुळाशी धातू चमकला. आणखी एक कथा इंका राजा वायना कापाकची आहे. त्याची माणसे हा डोंगर खणायला गेली तेव्हा आतून आवाज आला की, ही संपत्ती तुमच्यासाठी नाही, पुढे येणाऱ्या दुसऱ्यांसाठी आहे. ही कथा स्पॅनिश सत्तेच्या काळातच रुजलेली असणार, कारण तिचा फायदा कोणाला होतो हे उघड आहे. तरीही ती ऐकताना अंगावर काटा येतो, कारण पुढे झाले ते तसेच.

पहिली पंचवीस-तीस वर्षे मात्र गोष्ट वेगळी होती, आणि पोतोसीविषयी बोलताना ही वर्षे बहुधा गाळली जातात. वरच्या थरातला धातुदगड इतका कसदार होता की तो थेट वितळवता येई, पण त्या उंचीवरच्या विरळ हवेत स्पॅनिश भाते आणि भट्ट्या नीट चालेनात. चालल्या त्या अँडीजमधल्या लोकांच्या ग्वायरा. वायरा म्हणजे केचुआत वारा. मातीच्या या छोट्या, सगळ्या अंगाने भोके असलेल्या उभ्या भट्ट्या वाऱ्याच्या तोंडावर उतारावर मांडायच्या, त्यांत लामाच्या लेंड्या आणि सुके गवत पेटवायचे, आणि भात्याचे काम वाऱ्यावर सोपवायचे. संध्याकाळचा वारा सुटला की डोंगराच्या अंगावर हजारो भट्ट्या लुकलुकू लागत. त्या काळी तिथे गेलेल्या स्पॅनिश माणसांनी हे दृश्य लिहून ठेवले आहे. म्हणजे जगाचे लक्ष वेधणाऱ्या या धंद्यातले खरे ज्ञान त्या वेळी तिथल्याच कारागिरांच्या हाती होते. मालक स्पॅनिश, पण आटणी स्थानिकांची. धातुदगडाचा वाटा त्यांना मिळे आणि शहराच्या बाजारात तो विकला जाई. मूस आणि भट्टी यांच्या संगतीत वाढलेल्या माणसाला त्या अनामिक आटणी करणाऱ्यांविषयी जवळीक वाटते. रंग पाहून रस तयार झाला की नाही ते त्यांनाही कळत असेल, जसे आप्पांना कळे.

१५७० च्या आसपास वरचा कसदार थर संपत आला. खाली होता तो हलका माल, आणि त्यासाठी ग्वायरा कामाच्या नव्हत्या. शहर ओस पडायच्या बेतात असताना पेरूचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो १५७२ च्या अखेरीस स्वतः पोतोसीला आला, आणि त्याच्या मुक्कामात जे निर्णय झाले त्यांनी पुढच्या अडीचशे वर्षांचे पोतोसी घडवले. तोलेदो हा कमालीचा कर्तबगार प्रशासक होता, हे मान्य करायला हवे. आणि त्याच कर्तबगारीने केवढा अनर्थ झाला, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवे.

पहिली गोष्ट पारा. हलक्या दगडाचे पीठ करून त्यात मीठ आणि पारा कालवला की पारा चांदीला ओढून घेतो. हे तंत्र मेक्सिकोत १५५० च्या दशकात बसवले गेले होते. पारा लागणार म्हणजे दूर स्पेनवर अवलंबून राहावे लागणार, पण १५६० च्या दशकात पेरूतच उआंकावेलिका येथे पाऱ्याची खाण सापडली होती. उआंकावेलिका आणि पोतोसी यांचे लग्न लावले पाहिजे, अशा अर्थाचे बोलणे तोलेदोच्या नावावर सांगतात. ते लग्न लागले. दुसरी गोष्ट पाणी. दगड दळायला चक्क्या हव्यात, चक्क्यांना पाणी हवे, आणि इथे पाऊस वर्षातले काही महिनेच पडतो. म्हणून शहराच्या वरच्या डोंगररांगेत बांध घालून तलाव बांधले गेले. पुढच्या पन्नास वर्षांत त्यांची संख्या तीसच्या घरात गेली. त्यांचे पाणी कालव्याने शहराच्या मधून सोडले आणि त्याच्या काठी शंभराहून जास्त चक्क्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे उखळात मुसळ पडते तशी लोखंडी टोकांची जड लाकडी मुसळे पाणचाकावर उचलली जात आणि दगडावर आदळत. रात्रंदिवस चालणाऱ्या त्या आवाजात हे शहर झोपत असे. १६२६ च्या मार्च महिन्यात सान इल्देफोन्सो तलावाचा बांध फुटला आणि तासा-दोन तासांत चक्क्यांची रांग, वस्त्या आणि माणसे वाहून गेली. तो दिवस रविवारचा होता.

तिसरी गोष्ट माणसे. इथे मला एका शब्दापाशी थांबले पाहिजे. केचुआ भाषेत मिता म्हणजे पाळी. इंका राज्यात प्रत्येक गावाने पाळीपाळीने रस्ते, कोठारे, शेते यांच्या कामाला माणसे द्यायची आणि काम चालू असताना त्यांच्या अन्नवस्त्राची जबाबदारी राज्याने घ्यायची, अशी पद्धत होती. तोलेदोने शब्द तोच ठेवला. सोळा प्रांत ठरवले, अठरा ते पन्नास वयाच्या पुरुषांची मोजदाद केली आणि दर सातांतल्या एकाने एक वर्ष पोतोसीला जायचे असे फर्मान काढले. म्हणजे दर वर्षी तेरा हजारांवर माणसे. त्यांतल्या एकतृतीयांश माणसांनी एक आठवडा काम करायचे आणि दोन आठवडे विसावा घ्यायचा, असे कागदावर होते. मजुरीही ठरवून दिलेली होती. ती शहरातल्या महागाईत पुरत नसे, म्हणून विसाव्याच्या आठवड्यांत तीच माणसे पुन्हा रोजाने खाणीत उतरत. आपल्या भाषेत यासाठी वेठ हा शब्द आहे. पण 'पाळी' हा शब्द मला जास्त लागतो. गिरणीत रात्रपाळी करणाऱ्या माणसाला पाळी म्हणजे आज माझी, उद्या तुझी, असा एक भरवसा असतो. त्या भरवशाच्या शब्दात वेठ भरली गेली, आणि शब्द तोच राहिल्यामुळे ती जुनीच रीत आहे असे म्हणता आले.

टिटिकाका सरोवराच्या काठच्या चुकुइतो प्रांतातून पाळी निघे तेव्हा पुरुष एकटे निघत नसत. बायका, मुले, सुकवलेल्या बटाट्यांची पोती लादलेले लामा असा अख्खा संसार दोन महिने चालत पोतोसीला पोहोचे. हा सुकवलेला बटाटा म्हणजे चुन्यो. कडाक्याच्या थंडीत रात्री गोठवायचा, दिवसा उन्हात पायांनी तुडवून पाणी काढायचे, आणि मग तो वर्षानुवर्षे टिकतो. पोतोसीच्या खाणकामगाराचे पोट या बटाट्यावर चालले. वर्ष संपल्यावर परत जाण्याइतकी शक्ती आणि शिदोरी कित्येकांकडे उरत नसे. आणि गावी गेलो तर सहा वर्षांनी पुन्हा पाळी येणार, म्हणून अनेक जण गावे सोडून मिता लागू नसलेल्या मुलखात परके होऊन राहिले. गावात माणसे कमी, पण फर्मानातला आकडा तोच, त्यामुळे उरलेल्यांची पाळी लवकर लवकर येऊ लागली. जे गावप्रमुख माणसे देऊ शकत नसत त्यांनी बदल्यात चांदी द्यायची, असा रिवाज पडला. काही खाणमालक ती चांदी घेत आणि खाण चालवतच नसत. अशा कागदावरच्या मजुरांना 'खिशातले इंडिओ', म्हणजे खिशातले मूलनिवासी, म्हणत.

डोंगराच्या आत काय होते ते सोळाव्या शतकातल्या एका जेझुइट पाद्र्याने लिहून ठेवले आहे. कातड्याच्या दोरांच्या शिड्यांवरून माणसे तिघे-तिघे मिळून चढत, पाठीवर पांघरुणात बांधलेला दोन आरोबा म्हणजे सुमारे २३ किलो दगड, आणि पुढच्याच्या अंगठ्याला बांधलेली मेणबत्ती. आतली उष्णता सोसून घामेजलेले अंग वर येताच गोठवणाऱ्या वाऱ्यात सापडे. चक्क्यांवर काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांत दगडाचे पीठ जाई, पाऱ्याचा लगदा तुडवणाऱ्यांच्या अंगात पारा भिने, आणि शेवटी पारा उडवून देण्यासाठी गोळा तापवला की त्याची वाफ श्वासात जाई. किती माणसे मेली? ऐंशी लाख हा आकडा जिथे तिथे सांगितला जातो. तो कोणत्याही नोंदीवर उभा नाही आणि त्या सोळा प्रांतांतली माणसे मोजली तर तो बसतही नाही. मला तो सांगावासा वाटत नाही. फुगवलेला आकडा खोटा ठरला की त्याच्यासोबत खरे दुःखही खोटे ठरवले जाते. दर सातांतला एक, दर वर्षी, १८१२ साली स्पेनच्या संसदेने मिता रद्द करेपर्यंत, हे एवढे खात्रीचे सत्य पुरेसे भयंकर आहे.

आणि तरीही पोतोसी ही केवळ छळछावणी होती असे म्हणणे तिथल्या माणसांवर अन्याय करणारे होईल. १६११ च्या सुमाराच्या गणतीत शहराची लोकसंख्या १,६०,००० सांगितली आहे. तो आकडा थोडा कमी धरला तरी त्या काळच्या युरोपातल्या मोठ्या शहरांच्या पंक्तीत ते बसते. मितातल्या मजुरांबरोबर मिंगा म्हणजे खुशीने जास्त रोजावर येणारे मजूर होते. नदीपलीकडे मूलनिवाशांच्या चौदा वस्त्या होत्या, प्रत्येकीचे आपले चर्च. भर चौकात बाजार भरे, त्याला कातू म्हणत, आणि तिथे अँडीजमधल्या बायका मांडी घालून बसत. त्यांच्यापुढे कोकाची पाने, मक्याची चिचा दारू, भाकरी, आणि नवऱ्यांनी-भावांनी खाणीतून आणलेला धातुदगडसुद्धा. या बायकांनी कर्जे दिली, जागा विकत घेतल्या, मृत्युपत्रे केली; त्या कागदांमुळेच त्यांची नावे उरली आहेत. दुसरीकडे डोंगरामुळे आलेल्या श्रीमंतीत चिनी रेशीम मनिलाहून आणि मेक्सिकोतून फिरत इथवर पोहोचे. स्पॅनिश भाषेत अमाप मोलाच्या गोष्टीला 'एका पोतोसीएवढी किंमत' असे म्हणतात, ते अजूनही. शहराच्या मानचिन्हावर ओळी आहेत, त्यांचा अर्थ असा: मी श्रीमंत पोतोसी, जगाचा मी खजिना, डोंगरांचा मी राजा, राजांचा मी हेवा.

टांकसाळीच्या दारात उभा राहिलो तेव्हा मला घरी आल्यासारखे वाटले, हे मी मोकळेपणाने सांगतो. आजची भव्य इमारत १७७३ साली पुरी झाली; पहिली टांकसाळ तोलेदोच्याच काळातली, दुसऱ्या जागी होती. आत प्रचंड लाकडी दातेरी चाके आहेत. खालच्या मजल्यावर खेचरे गोल गोल फिरत आणि वरच्या मजल्यावर चांदीच्या पट्ट्या रुळांतून दाबल्या जात. खेचरांइतकीच कष्टाची कामे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी इथे केली. त्याआधी दोनशे वर्षे नाणी हातोड्याने पाडली जात होती. पट्टीचे तुकडे कापायचे, वजन भरेपर्यंत कातरायचे, साच्यांत ठेवून घाव घालायचा. म्हणून पोतोसीची जुनी नाणी वेडीवाकडी आहेत, एकासारखे दुसरे नाही. आठ रेआलचे नाणे सुमारे २७ ग्रॅमचे, टंच शेकडा ९३. आणि प्रत्येकावर दोन खुणा: 'पी' हे अक्षर, म्हणजे पोतोसी, आणि टंच काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाचे आद्याक्षर.

काचेच्या पेटीपुढे मी वाकून बराच वेळ उभा होतो. चांदीला गाव असते, आप्पा. इथे गाव आणि टंच दोन्ही एकाच नाण्यावर शेजारी शेजारी ठोकलेले होते.

त्या आद्याक्षराचा विश्वासघात झाला तोही इतिहास इथलाच. १६४० च्या दशकात टांकसाळीतून ठरलेल्यापेक्षा बरीच कमी चांदी असलेली नाणी बाहेर पडू लागली, आणि युरोपच्या बाजारांत सराफांनी ती पकडली. राजाने फ्रान्सिस्को दे नेस्तारेस मारीन या चौकशी अधिकाऱ्याला पाठवले. चांदीचा बडा व्यापारी आणि शहरातला मातब्बर माणूस फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा याला १६५० साली देहदंड झाला. जुन्या नाण्यांची किंमत उतरवली गेली, त्यात दूरदूरचे सावकार बुडाले, आणि १६५२ पासून पोतोसीच्या नाण्याचे चित्रच बदलले: दोन खांब आणि त्यांखाली समुद्राच्या लाटा. टंच खोटा ठरला की काय होते, हे हुपरीत वाढलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. गावात एकदा माल परत आला की ते घर पिढीभर त्या नावाने ओळखले जाते.

नाणी इथून लामांच्या आणि खेचरांच्या पाठीवर आरिका बंदराला जात, तिथून लिमाच्या काय्याओ बंदरात, पनामाची चिंचोळी पट्टी ओलांडून सेविलला. पाचवा हिस्सा राजाचा. राजाच्या हातातूनही ती लढायांच्या कर्जापायी निसटे आणि पूर्वेकडे वाहू लागे, कारण पूर्वेकडचा माल घ्यायला युरोपकडे चांदीशिवाय फारसे काही नव्हते. लिस्बनहून गोव्याकडे निघणाऱ्या जहाजांत मिरी विकत घेण्यासाठी रेआलच्या पेट्या असत. तांबड्या समुद्रातून मोखामार्गे, इराणच्या आखातातून, पुढे डच आणि इंग्रज कंपन्यांच्या जहाजांतून चांदी सुरतेला उतरे. मुघल राज्यात परकी नाणी चलन म्हणून चालत नसत. व्यापाऱ्याने ती टांकसाळीत द्यायची, तिथे त्यांचा टंच निघे, ती आटवून अधिक शुद्ध केली जात, आणि बादशहाच्या नावाचा साडेअकरा ग्रॅमच्या आसपासचा रुपया पडे. 'पी' हे अक्षर त्या मुशीत संपले. म्हणजे आप्पांच्या वाक्यातही सत्य होतेच: चांदीला गाव नसते असे नाही, ते आटवले जाते. त्या रुपयांतून शेतसारा भरला गेला, लग्नांत वाळे आणि पैंजण घडले, ते मोडले, पुन्हा घडले. आमच्या अंगणात आलेल्या मोडीत पोतोसीच्या डोंगराचा कण होता का, हे कोणताही टंच सांगणार नाही.

टांकसाळीतच एक चित्र आहे, अठराव्या शतकातले, चित्रकाराचे नाव नसलेले. त्यात मेरीमातेचा चेहरा आहे आणि दोन हात आहेत. बाकी तिचा सगळा देह म्हणजे सेरो रिको. तिच्या लाल घोळदार झग्यावर पायवाटा आहेत, लामा आहेत, शेकोटीजवळचा दिएगो वाल्पा आहे, इंका राजा आहे. पायाशी पोप आणि स्पेनचा राजा गुडघे टेकून. दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र. आपल्याकडे डोंगरावर देवी असते. इथे डोंगरच देवी झाला आहे. धर्मोपदेशकांना त्यात मेरी दिसली असेल, पण पाळीवर आलेल्या माणसाला त्यात धरणीमाता पाचामामा दिसली नसेल असे मानणे कठीण आहे. जिला रोज आतून पोखरायचे तिचीच क्षमा मागायची, अशी ती जागा होती. आणि पोटातल्या अंधारात आजही दुसऱ्याची सत्ता चालते. खाणीच्या बोगद्यांत एल तीओ नावाची शिंगे असलेली मातीची मूर्ती बसवलेली असते. कामगार तिच्या तोंडात सिगारेट पेटवून ठेवतात, मांडीवर कोकाची पाने आणि दारू वाहतात. मंगळवार आणि शुक्रवार हे त्याचे वार. मी त्या बोगद्यात अर्धा तासच होतो. वाकून चालताना डोके लाकडांवर आपटत होते, हवेत धूळ होती, आणि आमच्या पुढे चालणारा मुलगा फार तर अठराचा असेल.

अठराव्या शतकातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. शनिवारी रात्री खाणीचे काम थांबे ते सोमवारी सकाळपर्यंत. त्या मधल्या वेळात काख्चा म्हणवणारी माणसे डोंगरात शिरत आणि स्वतःसाठी दगड काढत. मालकांनी त्यांना चोर म्हटले, शिक्षा केल्या. पण काख्चांचे म्हणणे होते की रविवारी डोंगर त्यांचा आहे. त्यांच्या छोट्या दगडी चक्क्या होत्या, आणि १७५० च्या दशकात शहरात विकल्या जाणाऱ्या चांदीत त्यांच्या चांदीचा वाटा नजरेत भरण्याएवढा होता. अधिकाऱ्यांनाही ती घ्यावीच लागे. आठवड्याचे सहा दिवस दुसऱ्याचा आणि एक दिवस आपला, एवढी वाटणी त्यांनी कुणाच्या फर्मानाशिवाय मिळवली.

नंतरचे थोडक्यात. उत्पादनाचा कळस १५९२ च्या सुमारास होऊन गेला होता. मधे अठराव्या शतकात थोडी उभारी आली, मग स्वातंत्र्ययुद्धात शहर आळीपाळीने दोन्ही बाजूंनी लुटले. ऑक्टोबर १८२५ मध्ये सिमोन बोलिव्हार डोंगराच्या माथ्यावर चढला आणि नव्या देशांचे झेंडे त्याने तिथे फडकवले. खाली शहरात तेव्हा दहा हजारांच्या आसपास माणसे उरली होती. विसाव्या शतकात कथिलाने डोंगराला पुन्हा दिवस आले, १९५२ साली मोठ्या खाणी सरकारने घेतल्या, १९८५ साली कथिलाचा भाव कोसळला आणि त्या बंद पडल्या. तेव्हापासून खाणकामगारांच्या सहकारी संस्था जुनेच बोगदे उकरीत आहेत. पाच शतके पोखरलेला माथा खचू लागला आहे. युनेस्कोने १९८७ साली शहराला जागतिक वारसा म्हटले आणि २०१४ साली धोक्यातल्या वारशांच्या यादीत घातले.

परत निघण्याच्या आदल्या दुपारी मी बोगद्याच्या तोंडाशी बसलो होतो. तिथे दगडमातीच्या ढिगाजवळ एक बाई काम करीत होत्या. अशा बायकांना पाय्यिरी म्हणतात. खाणीतून फेकलेल्या ढिगातून उपयोगाचे दगड निवडायचे, हातोडीने फोडायचे आणि विकायचे. बऱ्याच जणी खाणीत नवरा गेलेल्या असतात. सोबतच्या वाटाड्याने माझी ओळख करून देताना माझे आजोबा चांदीकाम करीत असे त्यांना सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ढिगातला मुठीएवढा एक करडा दगड उचलला, तळहातावर ठेवला आणि हात किंचित खालीवर करून तो जोखला. मी काहीही बोललो नाही. तो दगड त्यांनी माझ्या हातात दिला. दिसतो त्याहून जड होता. चांदी आहे का, असे मी वाटाड्यामार्फत विचारले. त्यांनी मान हलवली, दगड परत घेतला, "सिंक," म्हणाल्या, म्हणजे जस्त, आणि उजवीकडच्या लहान ढिगावर तो नीट ठेवला.